मेकॅनिकल झालं, आता चाकणची अप्रेंटिसशिप की शिरोलीची फाउंड्री?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. इथं बराच काळ वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

यंदा बीई मेकॅनिकल झालो. फर्स्ट क्लास, केटी एकही शिल्लक नाही. कॉलेज सांगलीकडचं. कॅम्पसला आल्या त्या बहुतेक आयटीच्या कंपन्या. तिथं माझं जमलं नाही आणि खरं सांगायचं तर फार वाईटही वाटलं नाही. सध्या हातात दोन गोष्टी आहेत.

चाकणला एका मोठ्या गाडी कंपनीत एक वर्षाची ग्रॅज्युएट अप्रेंटिसशिप. स्टायपेंड १५ हजार, बस आणि कँटीन कंपनीचं. वर्ष संपल्यावर ठेवून घेतील का, यावर एचआर नुसतं हसतं.

दुसरी, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्यात, ट्रेनी इंजिनिअर. हातात १६ हजार, सहा महिन्यांनी कायम करू म्हणतात. कास्टिंग आणि मशिनिंग दोन्ही एकाच आवारात आहे. राहायला मामाचं घर आहे.

वडिलांचं म्हणणं, वर्षभर घरी बस आणि गेट (एमटेक आणि सरकारी कंपन्यांसाठीची परीक्षा) दे. चुलतभाऊ म्हणतो पुण्यात पायथनचा क्लास लाव. मित्रांच्या मते फाउंड्री म्हणजे जन्मभर धूळ खाणं. माझ्या डोक्याचं पार दही झालंय.

एवढंच विचारायचंय की पगाराचा आकडा बाजूला ठेवला तर पहिल्या नोकरीत नक्की काय बघायचं?

उनाड_पाखरू

निकाल लागले की हा धागा येतोच. गेल्या वर्षी सिव्हिलवाला होता, त्याच्या आधी ईअँडटीसी. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मायक्रोमीटर

आधी अभिनंदन. चाकण पट्ट्यात क्वालिटीत आहे, अप्रेंटिसच्या मुलाखती दरवर्षी घेतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझी अप्रेंटिसशिप कुठली आहे हे पहिल्यांदा तपास. चाकणला अप्रेंटिस, ट्रेनी, ऑफ-रोल, फिक्स्ड टर्म हे सगळं लोक एका दमात बोलतात, पण कागद प्रत्येकाचा वेगळा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालची असेल तर केंद्र सरकारच्या नॅट्स पोर्टलवर तुझी नोंदणी होते, तुझ्यात आणि कंपनीत करार होतो आणि त्या कराराची नोंद होते. आपल्याकडे हे काम मुंबईचं बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग बघतं. वर्ष पूर्ण केलंस की सरकारी सर्टिफिकेट. २०१९ च्या नियमांत पदवीधराला किमान ९ हजार आणि डिप्लोमाला ८ हजार होते, त्या किमान रकमेतला निम्मा वाटा सरकार उचलतं. चांगल्या कंपन्या त्याच्यावर स्वतःचे पैसे घालतात, म्हणून तुला १५ सांगितलेत.

पण ऑफर लेटरवर गाडी कंपनीच्या जागी कुठल्या तरी मॅनपॉवर एजन्सीचं नाव असेल तर ती अप्रेंटिसशिप नव्हे, कंत्राटी नोकरी आहे. काम त्याच लाइनवर, युनिफॉर्मही बहुधा तसाच, पण पेस्लिप एजन्सीची आणि अनुभवाचा दाखलाही एजन्सीच्या लेटरहेडवर. तीन वर्षांनी तू दुसरीकडे मुलाखतीला गेलास की समोरचा विचारतो, ही कंपनी काय बनवते? उत्तर काय देणार?

कायद्यातली आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. अप्रेंटिस हा कामगार धरला जात नाही, शिकाऊ धरला जातो. वर्ष संपल्यावर घ्यायचं बंधन कंपनीवर नाही, कितींना घ्यायचं ते तिचं धोरण. कारखान्यातल्या आरोग्य आणि सुरक्षिततेच्या तरतुदी मात्र तुला लागू असतात, आणि कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्क असतो. एकदा वर्षाची अप्रेंटिसशिप झाली की पुन्हा दुसरीकडे तीच करता येत नाही, तेव्हा ही संधी कुठं खर्च करायची याचा विचार कर.

आणि डिपार्टमेंट कुठलं ते विचार. हा प्रश्न मुलाखतीत फार कमी मुलं विचारतात. सप्लायर क्वालिटीत टाकलं तर वर्षात वेगवेगळ्या प्रक्रियांचे कारखाने बघशील, पीपॅपच्या (नवा भाग मंजूर करून घ्यायच्या कागदपत्रांच्या) फायली हाताळशील, एट डी रिपोर्ट (दोषाचं कारण आणि उपाय मांडणारा अहवाल) कसा खोटा लिहितात आणि खरा कसा लिहायचा हेही कळेल. लाइनच्या शेवटच्या तपासणीला उभं केलं तर टिक मारण्यात वर्ष जाईल.

भट्टीवाला

भावा, मी शिरोलीतलाच. तुला बोलावलंय ती फाउंड्री माझी नव्हं, म्हणून मोकळेपणानं बोलतो.

धूळ हाय. गरमी हाय. एप्रिल-मेमधी भट्टीम्होरं उभं राहिल्यावर आई आठवतीय. हे खोटं बोलून कुणाला आणू नये, पंधरा दिवसांत पळून जातंय पोरगं.

पण मित्रांनी सांगितलंय तेवढंच फाउंड्रीत नसतंय. सकाळी वाळू तपासायची. ओलावा किती, बेंटोनाइट (वाळू बांधणारी माती) किती, मोल्ड म्हंजे साचा ताकद धरतोय का. ओलावा थोडा जास्त झाला की ब्लो होल (कास्टिंगमधी वायूची पोकळी), कमी झाला की वाळू ढासळून कास्टिंगमधी शिरती. मग मेल्टिंग. इंडक्शन भट्टीतनं नमुना काढून स्पेक्ट्रोवर (धातूत काय किती हाय ते सांगणाऱ्या यंत्रावर) लावायचा, कार्बन-सिलिकॉनचं गणित जुळवायचं. एसजी आयर्न (गोल ग्राफाइटचं, चिवट बीड) असलं तर मॅग्नेशियम टाकल्यावर घड्याळ सुरू होतंय. ओतायला उशीर झाला की मॅग्नेशियम उडून जातंय, आणि आतला ग्राफाइट गोल हुयाचा त्यो होत न्हाई. वरनं कास्टिंग झकास दिसतंय, गिऱ्हाइकाकडं तुटतंय.

हे सगळं तुमच्या मटेरियल सायन्सच्या पुस्तकात हाय. पेपरात आयर्न-कार्बन डायग्राम काढून मार्क घेतलं असशील. आमच्याकडं त्या डायग्रामवर लाईट बिल अवलंबून असतंय. शंभर टन ओतलं आणि ८ टक्के रिजेक्शन आलं तर आठ टन परत भट्टीत. लोखंड परत मिळतंय, वीज परत मिळत न्हाई.

तू जाऊन तीन गोष्टी बघ. वाळूची आणि धातूची लॅब चालू हाय का नुसती कुलूप लावून ठेवलीय. रनर-रायझर (साच्यात धातू जायच्या वाटा आन जादा धातूचं साठं) कोण ठरवतंय, ते आखणारा मेथड्सचा माणूस हाय का मालकाच्या अंदाजावर चाललंय. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ऑटोकास्ट म्हण, नायतर दुसरं कुठलं सिम्युलेशन म्हण, वापरत्यात का. आणि रिजेक्शनचा आकडा विचार. जो मालक महिन्याचा आकडा सांगतोय त्याच्याकडं शिकायला मिळतंय. जो म्हणतोय "आमच्याकडं रिजेक्शनच न्हाई", तिथनं चहा पिऊन परत ये.

उनाड_पाखरू

भट्टीवाले, शेवटच्या वाक्यासाठी साष्टांग.

एक_पालक

मुलांनो, तुमच्या चर्चेत जरा पालकांची बाजूही असू द्या. त्याचे वडील गेट दे म्हणतात त्यात चूक काय? आमच्या वेळी एमएसईबीत लागलेला मुलगा निवृत्तीपर्यंत निर्धास्त असे. खाजगी कंपनीत पंचेचाळिशीनंतर काय होते ते मी स्वतः पाहिले आहे. पहिली दोन वर्षे अभ्यासाला दिली तर पुढची तीस सुखात जातात.

निगेटिव्ह_मार्किंग

काका, मी तुम्ही म्हणता त्याच वाटेनं आलो. सध्या महानिर्मितीत, कोराडीला. २००५ मध्ये एमएसईबीचे भाग झाले तेव्हापासून वीज बनवणं महानिर्मितीकडे, वाहून नेणं महापारेषणकडे आणि घरोघरी देणं महावितरणकडे. त्यातल्या शेवटच्या दोघांना मुख्यतः इलेक्ट्रिकलवाले लागतात. मेकॅनिकलवाल्यांना खरी जागा महानिर्मितीत. बॉयलर, टर्बाइन, कोळसा हाताळणी, राख हाताळणी. ६६० मेगावॅटचा संच बंद पडला की रात्री तीनला फोन येतो, तेव्हा "निर्धास्त" हा शब्द जरा जपून वापरतो. पण नोकरी आवडते, हेही खरं.

कृष्णाकाठचा, गेटबद्दल. पेपर तीन तासांचा, ६५ प्रश्न, १०० गुण, त्यातले १५ गुण जनरल ॲप्टिट्यूडचे. हे १५ मराठी माध्यमातली मुलं उगाच सोडून देतात. पर्यायी प्रश्न चुकला तर गुण कापतात, पण आकडा टाइप करायच्या आणि एकाहून जास्त बरोबर उत्तरं असणाऱ्या प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग नाही. स्कोअर तीन वर्षं चालतो. परीक्षा फेब्रुवारीत, फॉर्म पावसाळ्याच्या शेवटी निघतात. म्हणजे आज नोकरी धरलीस म्हणून गेटचं दार बंद होत नाही.

घरी बसून तयारी करू नकोस असं मी म्हणणार नाही. मात्र दोन वेगळी ध्येयं लोक एकत्र करतात. गेटवरून एमटेकला जायचं असेल तर मधल्या रँकलाही चांगल्या जागा आहेत, महिना १२,४०० रुपये स्टायपेंड आहे आणि दोन वर्षांनी कॅम्पस नव्यानं मिळतो. तो कॅम्पस तुमच्या आधीच्या कॉलेजपेक्षा फार वेगळा असू शकतो. पण गेटवरून थेट ओएनजीसी, एनटीपीसी, पॉवरग्रिड हवं असेल तर मेकॅनिकलला स्पर्धा भयंकर आहे, आणि कुठली कंपनी कुठल्या वर्षी गेटवरून भरती काढेल याचाही भरवसा नसतो. त्या एका आशेवर वर्षामागून वर्ष घरी घालवलेली मुलं मी अभ्यासिकेत पाहिली आहेत. त्यांची बुद्धी कमी नव्हती. दुसरा रस्ता आखून ठेवलेला नव्हता.

यूपीएससीची इंजिनिअरिंग सर्व्हिसेस ही तिसरी गोष्ट. पूर्व ५०० गुणांची, मुख्य ६००, मुलाखत २००. वयाची मर्यादा खुल्या वर्गाला ३०. तिथं वर्णनात्मक लिहावं लागतं, गेटची तयारी तिथं अर्धीच कामाला येते. एमपीएससीत सिव्हिलला जागा पुष्कळ, मेकॅनिकलला मोजक्या.

एक आडवाट सांगतो, कुणी बोलत नाही म्हणून. तू सांगलीकडचा, आजूबाजूला साखर कारखाने आहेत. ज्यांच्याकडे सहवीज प्रकल्प आहे त्यांना बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर लागतो, त्याची परीक्षा राज्याचं बाष्पके संचालनालय घेतं. बसायच्या आधी बॉयलरवरचा ठरावीक अनुभव लागतो. पण बीओई सर्टिफिकेट हातात असलेला माणूस साखर, कागद, औषधं, केमिकल, कुठंही चालतो.

एक_पालक

बीओईबद्दल माहीत नव्हते. धन्यवाद. तरी माझे मत कायम.

भूतपूर्व_मेकॅनिकल

मी त्या चुलतभावाच्या बाजूनं आणि विरुद्धही. मेकॅनिकल करून आयटीत गेलो, पगार बरा आहे, तक्रार नाही. ज्याला कोडिंग मनापासून आवडतं त्यानं जरूर जावं. पण "कोअरमध्ये पैसा नाही म्हणून आयटी" हे गणित आता पूर्वीसारखं सोपं राहिलेलं नाही. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांचं फ्रेशरचं पॅकेज वर्षानुवर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतंय. ऑफर लेटर हातात घेऊन जॉइनिंगच्या तारखेची वाट बघत बसलेली मुलं तुझ्याच कॉलेजात सापडतील.

क्लासबद्दल कडक शब्दांत सांगतो. "शंभर टक्के प्लेसमेंट" असं जिथं बोर्डावर लिहिलंय तिथं पाऊल टाकू नकोस. यातले काही जण दोन-तीन वर्षांचा खोटा अनुभव बनवून देतात. आता कंपन्या पडताळणीत पीएफचा यूएएन (खाते क्रमांक) तपासतात. कुठल्या महिन्यात कुणी पीएफ भरला ते तिथं दिसतं, आणि नसेल तर तेही दिसतं. नोकरी जाते, वर नाव काळ्या यादीत.

मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर यांच्या मधला पट्टा फार मोठा आहे, तो कुणी दाखवत नाही. पुण्यात इंजिनिअरिंग सर्व्हिसेसच्या कंपन्या आहेत. तिथं कॅटिया, एनएक्सवर डिझाइन, हायपरमेशवर मेशिंग, अॅन्सिसवर ॲनालिसिस चालतं. पण एक गंमत बघ, त्या कामात पुढं तोच जातो ज्याला भाग प्रत्यक्षात कसा बनतो ते माहीत असतं. कास्टिंगला ड्राफ्ट अँगल (साच्यातून पॅटर्न सहज निघावा म्हणून दिलेला उतार) का द्यायचा हे न समजता मॉडेल काढणारे पायलीला पन्नास आहेत.

मायक्रोमीटर

वरच्या शेवटच्या ओळीला +१. आमच्याकडे डिझाइनमधून ड्रॉइंग येतं त्यावर टॉलरन्स असा असतो की तो भाग फक्त देवच बनवू शकेल.

साइटवरची

मी सिव्हिलची, मेट्रोच्या साइटवर आहे. मेकॅनिकलचं मला काही कळत नाही, पण धागाकर्त्याचा मूळ प्रश्न सगळ्या शाखांचा आहे.

माझ्या पहिल्या नोकरीत मला दोन ठिकाणं होती. एका बिल्डरचं ऑफिस, तिथं एसी आणि बिलं तपासायचं काम. दुसरी साइट, तिथं पत्र्याची शेड. साइट घेतली, कारण तिथं ड्रॉइंग माझ्या हातात येणार होतं. बार बेंडिंग शेड्यूल (कुठली सळई किती, कशी वाकवायची याचा तक्ता) स्वतः काढलं, सळई कमी पडल्यावर फिटर समोर उभा राहिला, काँक्रीटचा क्यूब सात दिवसांनी फोडल्यावर आकडा कमी आला तेव्हा अठ्ठावीस दिवसांच्या निकालापर्यंत झोप नव्हती. त्या अनुभवावर पुढची नोकरी मिळाली. बिलं तपासायला त्यानंतर शिकले, आठवड्यात जमलं.

त्यामुळे माझा निकष हा: पहिल्या वर्षात माझ्या सहीनं काही पुढं जाणार आहे का? सही नको, निदान माझ्या मोजमापानं? मग धूळ चालेल.

मुलींसाठी दोन ओळी जास्त. मुलाखतीला गेलात की टॉयलेट कुठं आहे ते स्वतः जाऊन बघा आणि शिफ्ट संपल्यावर घरी सोडायची सोय लेखी आहे का ते विचारा. लाजू नका. ज्यांना या प्रश्नाचा राग येतो त्यांची साइट कशी असेल ते तिथंच कळतं.

राइनकाठी

जर्मनीचा विषय अजून निघाला नाही म्हणजे आश्चर्यच. काढतो, कारण व्यनितून (खाजगी निरोपातून) रोज विचारणा होते.

इथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे खरं. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो भरावे लागतात, आणि श्टुटगार्ट, कार्ल्सरूह ही मेकॅनिकलवाल्यांची आवडती गावं नेमकी तिथंच आहेत. भारतीयांना व्हिसाआधी एपीएस सर्टिफिकेट (शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला) लागतं. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. "जर्मनीत शिक्षण फुकट" म्हणणाऱ्या एजंटला हा आकडा रुपयांत करून दाखवा.

आता कटू भाग. गाड्यांचा धंदा इथं चिंतेत आहे. फोक्सवागननं २०२४ च्या डिसेंबरमध्ये युनियनशी करार केला, त्यात २०३० पर्यंत जर्मनीतली ३५ हजारांहून जास्त पदं कमी करायचं ठरलं. सुट्या भागांच्या मोठ्या कंपन्याही कपात करतायत. त्यात जर्मन भाषा न येणारा नवशिका शेवटी उरतो. मुलाखत इंग्रजीत होते, पण शॉप फ्लोअरवरचा मास्टर जर्मनच बोलतो. बी२ पर्यंत भाषा करून या. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, तिथं नोकरी करता करता सुरुवात होते.

आणि आधी दोन वर्षं कारखान्यात घालवून आलेला मुलगा इथं वर्कस्टुडंटची (शिकता शिकता अर्धवेळ कामाची) जागा पटकन मिळवतो. कास्टिंगचा अनुभव असलेले भारतीय अर्जदार आमच्या टीमला फार कमी दिसतात. भट्टीवाल्यांच्या लक्षात यावं म्हणून लिहिलं.

उनाड_पाखरू

पण ईव्ही आल्यावर फाउंड्री राहणार का? इंजिन ब्लॉक नाही, सिलिंडर हेड नाही. हा प्रश्न गमतीनं विचारत नाहीये.

भट्टीवाला

चांगला प्रश्न इचारलास, पाखरा. ज्यांचं सगळं गिऱ्हाईक दुचाकी आन कारच्या इंजिनाचं हाय त्यांनी आत्तापास्नं झोप कमी केलेली बरी. पण कोल्हापूरनं नुसतं इंजिन ब्लॉकच ओतलंय असं न्हाई. ट्रॅक्टर हाय, पंप हाय, व्हॉल्व्ह हाय, मशीन टूलचं बेड हाय, ट्रकचं ब्रेक ड्रम हाय. गाडी बॅटरीवर चालली तरी ती थांबवायला लागतीय, आन शेताला पाणी लागतंयच.

फरक येणार त्यो ॲल्युमिनियमचा. इलेक्ट्रिक मोटरचं बाहेरचं कवच, बॅटरीची पेटी हे प्रेशर डाय कास्टिंगमधी जातंय. लोखंडात शिकलेला माणूस तिकडं जाऊ शकतोय, कारण धातू थंड होताना आकसतोय ही गोष्ट दोन्हीकडं एकच. म्हणून मी पोरांना सांगतो, नुसतं "आमच्यात असं करत्यात" शिकू नका, असं का करत्यात ते शिका. आन नोकरी धरायच्या आधी गिऱ्हाईक कोण कोण हाय ते इचारा. एकाच गिऱ्हाइकावर निम्म्याच्या वर माल असला तर ध्यानात ठेवा.

कृष्णाकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. इथले प्रश्न कागदावर काढले आणि दोन्हीकडे जाऊन विचारून आलो.

चाकण: करार नॅट्सखालीच आहे, कंपनीच्या नावावर. डिपार्टमेंट पेंट शॉप. बदलून मिळेल का विचारलं तर "जॉइन झाल्यावर बघू". मागच्या बॅचमधल्या किती जणांना ठेवलं विचारल्यावर एचआरच्या बाईंनी विषय बदलला. गेटबाहेर चहाच्या टपरीवर मागच्या बॅचचे दोघं भेटले, ते म्हणाले थोड्यांना घेतात, पण इथलं नाव लागल्यावर सुट्या भागांच्या कंपन्यांत पटकन जमतं.

शिरोली: मालकांनी स्वतः फिरवलं. लॅब चालू होती, वाळू तपासणारा मुलगा डिप्लोमाचा होता. रिजेक्शनचा आकडा भिंतीवरच्या बोर्डावर खडूनं लिहिलेला होता आणि तो चांगला नव्हता. मेथड्सला एकच गृहस्थ आहेत, निवृत्तीला आलेले, त्यांच्या हाताखाली माणूस हवाय. ते मला म्हणाले, "ड्रॉइंग वाचता येतं का?" आणि एक घडी घातलेलं ड्रॉइंग पुढं केलं. सेक्शन व्ह्यू सांगता आला, टॉलरन्सच्या खुणांत अडखळलो. ग्राहक ट्रॅक्टर आणि पंपवाले, एकावर भर नाही. सहा महिन्यांनी कायम करणार हे लेखी मागितलं, दिलं.

मन शिरोलीकडे झुकलंय. मायक्रोमीटर सर, तुमचं काय मत?

मायक्रोमीटर

तू विचारलंस म्हणून सांगतो, मी असतो तर चाकणला गेलो असतो. पेंट शॉप म्हटल्यावर नाक मुरडलंस ना? प्रीट्रीटमेंट, ई-कोट (विजेच्या मदतीनं दिलेला पहिला थर), ओव्हन, रोबोट, हवेचा दाब, कोटिंगची जाडी, धुळीचा एक कण पकडायला केलेला सगळा आटापिटा, हे बाहेर शिकायला मिळत नाही. मोठ्या कंपनीत शिस्त अंगात मुरते. प्रत्येक गोष्टीला कागद का लागतो ते तिथं कळतं. छोट्या ठिकाणी चांगला गुरू मिळाला तर सोनं, पण ते गृहस्थ दीड वर्षात निवृत्त झाले तर तुला विचारायला कोण उरणार?

हे झालं माझं मत. पण मेथड्सच्या टेबलावर पहिल्या दिवसापासून बसायला मिळणं हे पेंट शॉपच्या अप्रेंटिसला मिळत नाही, हेही मान्य करतो. शिरोलीला गेलास तर जीडी अँड टी (ड्रॉइंगवरच्या आकार आणि टॉलरन्सच्या खुणा) नीट शिकून घे, अडखळलास म्हणतोस तिथंच उद्या भांडणं होतील. आयएटीएफ १६९४९ चं (गाडी उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं) ऑडिट असेल तेव्हा सुट्टी घेऊ नकोस, ऑडिटरच्या मागं फिर.

निगेटिव्ह_मार्किंग

आणि गेटचा फॉर्म भर. रोज दीड तास, बाकी काही नको. वडिलांनाही बरं वाटेल. मॅन्युफॅक्चरिंग आणि मटेरियलचे गुण तर तुला कामावरच मिळतील.

भट्टीवाला

निवृत्त झालेली माणसं कोल्हापुरात कुठं जात न्हाईत रे, रंकाळ्यावर फिरायला येत्यात. तिथं गाठायचं आन इचारायचं. इंडियन फाउंड्रीमेनच्या संस्थेचा कोल्हापूर चॅप्टर हाय, त्यांच्या कार्यक्रमांना जा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडची माणसं येत्यात. वर्षभरात तुला शंभर मालक वळखाय लागतील, आणि आमच्या धंद्यात बायोडाटा असाच फिरतोय.

परभणीची_वीज

धागा छान चाललाय, मध्येच घुसते. मी इलेक्ट्रिकल डिप्लोमा, शेवटचं वर्ष. डायरेक्ट सेकंड इयरला डिग्रीला जावं की वाळूजला डिप्लोमा ट्रेनी म्हणून लागावं? घरून दोन्हीला परवानगी आहे, पैसा मात्र बेताचा आहे.

साइटवरची

मार्क चांगले असतील तर कॅपमध्ये (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) सरकारी कॉलेज मिळतं का ते आधी बघ. तिथली फी आणि खाजगी कॉलेजची फी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, शिवाय शिष्यवृत्त्या आणि मुलींसाठीची फी सवलत बघ. राज्यात २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी आणि परीक्षा फी माफ आहे. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, ॲडमिशनच्या वेळी तहसीलला रांग असते.

मायक्रोमीटर

आणि नोकरीच धरायची ठरली तर वाळूजला मेंटेनन्स माग, प्रॉडक्शन नको. पॅनेल उघडायला मिळालं पाहिजे, पीएलसीची (यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरची) वायरिंग हातानं करायला मिळाली पाहिजे. छत्रपती संभाजीनगरलाच इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथले छोटे कोर्सेस बघून ठेव. वेगळा धागा काढ, इथं ड्राइव्ह आणि ऑटोमेशनवाले तिघं-चौघं आहेत, त्यांना मी ओढून आणतो.

परभणीची_वीज

काढला. "वाळूज की डिग्री" नावानं. दाखल्याचं उद्याच बघते.